‘आर्थिक नियोजन’ की ‘वित्तीय नियोजन’?

प्रश्न (तृतीय वर्ष बी.कॉम., नाशिक):
प्रकल्पाचा विषय आहे फायनान्शियल प्लॅनिंग आणि फायनान्शियल सर्व्हिसेस. पुस्तकं सगळी इंग्रजी. अहवाल मात्र मराठीत लिहायचा आहे, आणि दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार कुटुंबांसमोर तो मांडायचाही आहे. मुखपृष्ठावर ‘आर्थिक नियोजन’ लिहिलं, तर अर्थशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, “पंचवार्षिक योजनांवर आहे का?” मैत्रीण म्हणते ‘वित्तीय नियोजन’ लिही, पण तो शब्द मला हिंदीतून उचलल्यासारखा वाटतो. शिवाय ‘इमर्जन्सी फंड’ला काय म्हणू? ‘आपत्कालीन निधी’ म्हटलं की सरकारी मदत डोळ्यांसमोर येते.

प्रतिसाद (वाणिज्य शाखेत शिकवणारे):
मॅडमची शंका रास्त आहे. अर्थशास्त्रात ‘आर्थिक नियोजन’ म्हणजे देशाचं नियोजन: १९५० चा नियोजन आयोग, १९५१ पासूनच्या योजना. मराठीतल्या ‘आर्थिक’ला दोन्ही कामं करावी लागतात. ‘आर्थिक पाहणी’ अर्थव्यवस्थेची असते, ‘आर्थिक वर्ष’ हिशेबाचं असतं, आणि ‘त्यांची आर्थिक परिस्थिती बेताची आहे’ हे एका घराबद्दल असतं.

‘वित्त’ हिंदीचा म्हणून टाकू नका. मूळ संस्कृत, अर्थ ‘मिळवलेलं धन’. पूर आला की आपली वर्तमानपत्रं ‘जीवित आणि वित्तहानी’ लिहितात, मंत्रालयात वित्त विभाग आहे. शब्द आपलाच आहे, फक्त घरात बोलला जात नाही. म्हणून माझा कौल असा: घराबद्दल लिहाल तिथे ‘कुटुंबाचं आर्थिक नियोजन’, म्हणजे पंचवार्षिक योजनांचा घोळ मिटतो. बँका, विमा, म्युच्युअल फंड, पेन्शन, शेअर दलाली यांच्याबद्दल लिहाल तिथे ‘वित्तीय सेवा’. ‘आर्थिक सेवा’ नको. भारतीय आर्थिक सेवा नावाची सरकारी नोकरीच आहे.

प्रतिसाद (दिंडोरीकडची वाचक):
ताई, ‘आपत्कालीन निधी’ खोडून टाका. आमच्याकडे ‘अडीनडीचा पैसा’ म्हणतात, आणि तो कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. काढणीच्या तोंडावर गारपीट झाली, घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तो मोडायचा. आणि जिथे ‘तरलता’ लिहाल तिथे ‘पैसा मोकळा होणे’ लिहा. गुंतवणूक म्हटलं की आमच्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “मोकळे कधी होतील?” तुमच्या पुस्तकातला सबंध धडा त्या प्रश्नात आहे.

प्रतिसाद (म्युच्युअल फंड वितरक, नाशिक रोड):
शब्दांच्या यादीत ‘सल्लागार’ आणि ‘वितरक’ हे दोन नक्की घ्या, आणि अहवालभर वेगळे ठेवा. बोलताना कुणालाही ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हटलं जातं. पण सेबीच्या (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराला तिच्याकडे नोंदणी लागते आणि त्याचं शुल्क ग्राहक देतो. माझ्यासारखा वितरक सेबीच्याच एनआयएसएम या संस्थेची व्ही-ए नावाची परीक्षा देऊन अ‍ॅम्फीकडे, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडे, नोंद करतो, आणि त्याचं कमिशन फंड कंपनीकडून येतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला नावापुढे ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ असं बिरुद लावता येत नाही. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात. पण समोरच्याचे पैसे कुठून येतात हे गावातल्या माणसाला कळलंच पाहिजे, आणि ते या दोन शब्दांतूनच कळतं. विम्यात हाच माणूस ‘विमा प्रतिनिधी’. तिथे नियामक आयआरडीएआय.

प्रतिसाद (निवृत्त बँक कर्मचारी):
‘जोखीम’ जपून वापरा. जुनी माणसं ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणतात तेव्हा त्यांना सोनंनाणं म्हणायचं असतं. ‘या फंडात जोखीम आहे’चा अर्थ ‘मौल्यवान काही आहे’ असा होऊ नये. सरळ लिहा: ‘मुद्दल कमी होऊ शकतं.’ आणि ठेवींबद्दल लिहाल तिथे ‘सुरक्षित’ एवढंच नको, मर्यादाही द्या: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण, ४ फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांना ते आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत, त्यामुळे ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ हे शब्द एकमेकांच्या जागी चुकूनही वापरू नका.

विद्यार्थिनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘अडीनडीचा पैसा’ आजच लिहिला. अजून एक अडलंय. एसआयपीला, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याला, ‘मासिक हप्ता’ चालेल का?

प्रतिसाद (दिंडोरीकडची वाचक):
नको. गावात हप्ता म्हणजे कर्जाचा. ‘हप्ता भरा’ म्हटलं तर लोक विचारतील, कर्ज कधी घेतलं?

प्रतिसाद (वाणिज्य शाखेत शिकवणारे):
‘दरमहा गुंतवणूक’ लिहा. पण इथे शब्दाआधी मुद्दाच तपासा. बागायतदाराकडे दरमहा येतं काय? माल निघतो साधारण जानेवारी ते एप्रिल, पैसा तेव्हाच. पुढे एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधं, मजुरी. म्हणजे वर्षभर खर्चच. पुस्तकातलं उदाहरण पगारदार माणसाचं आहे, ते जसंच्या तसं भाषांतरित केलंत तर ऐकणारे मान डोलावतील आणि घरी जातील. त्यांच्यासाठी उलट क्रम मांडा: हंगामात आलेल्या रकमेतून आधी दोन्ही छाटण्यांचा खर्च, पीककर्जाची फेड आणि अडीनडीचा पैसा बाजूला काढायचा, उरेल ते लिक्विड फंडात (ज्यातला पैसा लवकर मोकळा होतो अशा म्युच्युअल फंडात) एकरकमी ठेवून तिथून दरमहा ठरावीक रक्कम दुसऱ्या योजनेत वळवायची. याला एसटीपी म्हणतात. मराठीत ‘टप्प्याटप्प्याने वर्ग करणे’ लिहा. खात्यातून खात्यात पैसे ‘वर्ग’ होतात हे बँकेत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.