नास्तिक, अविश्वासी, नाकारणारा : ख्रिस्ती लिखाणात कुठला शब्द कुठे?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी एक पानाचा धडा लिहितेय, विषय देवावर विश्वास आणि देवाला नाकारणं. मी सगळीकडे "नास्तिक" लिहिलंय, पण एक मैत्रीण म्हणाली हा शब्द इथे बसत नाही. का नाही बसत?

उत्तर : ताई, मैत्रीण बरोबर बोलतेय. "नास्तिक" आपल्याकडे आला तोच वेगळं भांडण घेऊन. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. म्हणून तर जग चालवायला ईश्वर लागत नाही म्हणणारे पण वेद मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांत बसतात आणि जैन, बौद्ध, चार्वाक बाहेर. त्या हिशेबाने रविवारी उपासनेला जाणारे आपण सगळेच नास्तिक! आणि हे रोमी साम्राज्यात खरंच झालंय, पहिल्या ख्रिस्ती लोकांवर निरीश्वर म्हणूनच आरोप व्हायचा कारण ते तिथल्या देवांना बळी देत नव्हते. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, त्याला आखाड्यात उभं करून सांगितलं की "निरीश्वरांना दूर करा" एवढं म्हण म्हणजे सुटशील, तर त्याने समोर बसलेल्या गर्दीकडे हात केला आणि तेच वाक्य त्यांना उद्देशून म्हटलं. ख्रिस्ताला मात्र नाकारलं नाही, म्हणून जीव गेला.

आता आपलं "मानणं" बघा, मला तर ह्या कामाला हाच शब्द सगळ्यात आवडतो. ऑगस्टीन ह्या जुन्या ख्रिस्ती विद्वानाच्या लिखाणावरून लॅटिनमध्ये विश्वासाचे तीन प्रकार वेगळे केले जातात : क्रेदेरे देउम, क्रेदेरे देओ, क्रेदेरे इन देउम. आपल्याला ते नुसत्या विभक्तीत सांगता येतं. देव मानणं, म्हणजे तो आहे हे कबूल. देवाचं मानणं, म्हणजे त्याचा शब्द खरा धरणं. आणि देवाला मानणं, म्हणजे त्याच्यावर भार टाकून त्याच्या मागे चालणं. पहिल्या पायरीचं बायबलला फार कौतुक नाही, याकोबाच्या पत्रात (२:१९) स्पष्ट आहे की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे "देव आहे का नाही" एवढ्यावर धडा थांबवलात तर पोरांना भुतांइतकाच विश्वास शिकवल्यासारखं होईल, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

मग नाकारणं म्हणजे काय, तर ओळख असून तोंड फिरवणं. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र अंगणात शेकत बसला होता, एका दासीने ओळखलं, आणि तो शपथा घेऊन म्हणाला की मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा. हा नास्तिक होता का? अजिबात नाही.

दुसरे एक वाचक : पण दादा, स्तोत्र १४ मध्ये तर सरळ आहे, मूढ आपल्या मनात म्हणतो "देव नाही". तिथे तर नास्तिकालाच मूर्ख म्हटलंय ना?

उत्तर : तिथला हिब्रू शब्द "नाबाल" आहे आणि त्या नावाचा एक माणूसच बायबलात आहे, १ शमुवेल २५ काढा. तीन हजार मेंढरं, हजार शेरडं, बख्खळ श्रीमंत. पुढे राजा झालेल्या दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांना सांभाळलं होतं, कातरणीच्या दिवशी त्यांनी थोडं खायला मागितलं तर हा म्हणतो, दावीद कोण? इशायाचा मुलगा कोण? बापाचं नाव तोंडपाठ आणि वर विचारतोय कोण! अक्कल कमी नव्हती त्याला, उपकार घेऊन ओळख नाकारली. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौलही हेच म्हणतो की देवाला ओळखूनही त्यांनी त्याचा गौरव केला नाही, आभार मानले नाहीत. "मनात म्हणतो" हेही बघा, तोंडाने तो स्तोत्रं गात असेल. त्यामुळे हे वचन काढून कोणा शिकल्यासवरल्या निरीश्वरवादी माणसाला मूर्ख म्हणणं मला पटत नाही.

आमच्या लालबागच्या चाळीत एक काका होते, १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच, पुढे बायको आजारात गेली. जिन्यात गाठ पडली की माझ्या हातातल्या बायबलकडे बोट करून म्हणायचे, "विचार त्याला, तेव्हा कुठे होता." लोक त्यांना नास्तिक म्हणायचे. पण जो नाहीच त्याच्यावर एवढा राग कोण धरतं हो? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे स्तोत्र २२ चं पहिलं वाक्य, येशूने वधस्तंभावर तेच म्हटलं. काकांचं बोलणं मला त्याच्या जवळचं वाटायचं, नाकारण्याच्या नाही.

प्रश्नकर्त्या : मग धड्यात काय लिहू? "अश्रद्ध" चालेल?

उत्तर : नको ताई, महाराष्ट्रात "अश्रद्ध" म्हटलं की लगेच अंधश्रद्धेचा वाद डोक्यात येतो. देव नाही असं ज्याचं मत आहे तो "निरीश्वरवादी", ते मत आहे, शिवी नाही. अजून विश्वासात न आलेल्याला "विश्वास न ठेवणारा" असं सुटं लिहा, "अविश्वासी" म्हटलं की बाहेरच्याला वाटतं बेभरवशाचा. "नाकारणारा" मात्र ज्याने ऐकलं, ओळखलं आणि नको म्हटलं त्याच्यासाठीच ठेवा, आणि तिथे उदाहरण पेत्राचं द्या, म्हणजे संघातली पोरं बाहेरच्यांकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःकडे बघतील. योहान २१ पण जोडा, किनाऱ्यावर येशू पेत्राला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का.