अनुभव धागा : मजकूर सोडून उरलेलं पुस्तक

जुनी, दुर्मिळ पुस्तकं जमवणाऱ्यांसाठी हा धागा. 'मला अमुक प्रत कशी मिळाली' या गोष्टींसाठी वेगळा धागा काढू. इथे कागद, छपाई, बांधणी, कीड, दुरुस्ती यांतलं जे हाताला कळलंय तेवढंच लिहा, शक्यतो आकड्यांसकट.

*

पहिलं काम पानं मोजायचं. पृष्ठक्रमांकांवर विसंबू नये. खिळे हातानं जुळवायच्या काळात ते सर्रास चुकत; ९६ नंतर ९९ येऊनही मजकूर सलग असतो. खरी साक्ष पानाच्या तळाशी असलेल्या फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, खुणेची : बी, बी२, बी३... युरोपीय छापखाने या खुणांना २३ अक्षरं वापरत. जे आणि डब्ल्यू नसत, यू-व्हीपैकी एकच असे. त्यामुळे आयनंतर थेट के आला तर फर्मा गळालेला नाही. इंग्रजी पुस्तकात मजकूर बहुधा बीपासून सुरू होतो, कारण ए शीर्षकपान-प्रस्तावनेसाठी राखून ठेवत आणि शेवटी छापत.

ताव एकदा दुमडला की फोलिओ, २ पानं (म्हणजे ४ पृष्ठं). दोनदा क्वार्टो, ४. तीनदा ऑक्टेव्हो, ८. हातकागद उजेडात धरला की साच्याच्या तारांच्या दूरदूरच्या ठळक रेघा दिसतात. फोलिओ आणि ऑक्टेव्होत त्या उभ्या, क्वार्टोत आडव्या. जलचिन्ह फोलिओत पानाच्या मधोमध, क्वार्टोत शिवणीच्या घडीत मध्यावर, ऑक्टेव्होत त्याच घडीत वरच्या टोकाला. नुसती उंची मोजून 'क्वार्टो' ठरवणारे फसतात. बांधणाऱ्यानं कडा छाटल्या की उंची बदलते, रेघांची दिशा नाही.

शिवणीपाशी चिंचोळी पट्टी दिसली म्हणून 'पान फाडलंय' असा निकाल लगेच देऊ नका. चुकलेलं पान छापखान्यातच कापून सुधारलेलं पान त्या पट्टीवर चिकटवत. मजकूर सलग असेल तर प्रत पूर्ण. वेगळी छापलेली चित्रपानं मात्र या खुणांच्या हिशेबात येत नाहीत. ती चित्रसूचीवरून मोजा. सगळ्यात आधी गायब होतात ती तीच, भिंतीवर लावायला.

*

वरच्यात भर. संख्या पुरी भरली तरी सगळी पानं त्याच प्रतीची असतील असं नाही. दोन अपुऱ्या प्रतींची एक पुरी करणं हा जुना उद्योग आहे. इथे किडाच साक्षीला येतो! त्याचं भोक पानापानातून सरकत जातं आणि हळूहळूच आकार बदलतं. मधलं एखादंच पान धडधाकट निघालं तर ते पाहुणं. पाण्याच्या डागाचंही तसंच. शंका उरली तर अंधारात अतिनील दिवा धरा : पान निळसर-पांढरं चमकलं तर त्या कागदात शुभ्रता वाढवणारं रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरचं.

*

शीर्षकपान गेलं असेल तर सालाचा अंदाज असा बांधायचा. तारांच्या रेघा नसलेला सपाट कागद युरोपातल्या छापील पुस्तकात प्रथम आला तो इंग्रज मुद्रक बास्करव्हिलनं १७५७ साली छापलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांत. '१६५०चं' म्हणून दाखवलेलं पुस्तक अशा कागदावर असेल तर बोलणं तिथेच संपलं. एफसारखा दिसणारा लांब एस इंग्रजी छपाईतून १८००च्या आसपास गेला. प्रकाशकाची कापडी बांधणी १८२०च्या दशकापासूनची. लाकडाच्या लगद्याचा कागद १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पसरला. तो कडेकडून तपकिरी होतो आणि दुमडला की मोडतो. (कोपरा दुमडून परीक्षा घेणारे भेटतात. परीक्षा होते, कोपरा जातो.) मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर खिळ्यांच्या छपाईचा उठाव बहुधा लागतो, शिळाछाप सपाट असते. बांधणीवरून मात्र मजकुराचं वय काढू नका, पुस्तकं पुन्हापुन्हा बांधली जात.

*

छपाईच्या चुका हे या छंदातलं खास सुख. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बायबलात 'व्यभिचार करू नकोस' या आज्ञेतला नकारच गळाला. रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस या मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट केल्या, आणि म्हणूनच उरलेल्यांवर आज संग्राहकांचा डोळा.

*

दुरुस्ती. चिकटपट्टी कधीही नको. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो. पट्टी गळते, डाग राहतो. गव्हाच्या शुद्ध स्टार्चचा १ भाग, पाणी ५ भाग, मंद आचेवर २०-३० मिनिटं सतत ढवळून खळ करा, गार झाल्यावर गाळा. पीठ वापरू नका, त्यातल्या प्रथिनांवर कीड येते. जपानी कागदाची (पातळ पण लांब तंतूंचा चिवट कागद) ५-६ मिलिमीटर रुंद पट्टी ओल्या कुंचल्यानं रेघ ओढून फाडा, कापू नका. फाटलेल्या कडेचे तंतू पानात मिसळतात. कापलेली कड ताठ राहते आणि पान पुढे तिथेच मोडतं. पट्टीला खळ अगदी पातळ लावून ती फाटीवर बसवा, दोन्ही बाजूंना न चिकटणारा कागद, त्याबाहेर टीपकागद, वर वजन, रात्रभर. पाणी जास्त झालं तर वाळताना तपकिरी रेघ उमटते. जुन्या लोहशाईचं लिखाण असलेल्या पानाला ओल लावूच नका, शाईतलं लोह पाण्याबरोबर पसरून कागद खातं.

चामड्याला तेल चोपडायचा सल्ला जुन्या पुस्तिकांत सापडतो. तो सोडून द्या. चामडं काळं, चिकट होतं, धूळ धरतं. तांबूस भुकटी सुटत असेल तर अल्कोहोलमधलं क्लुसेल-जी (भुकटी धरून ठेवणारं सेल्युलोजचं रसायन), १-२ टक्के, आधी आतल्या कडेवर लावून रंग गडद होतो का ते पाहून.

*

जिवंत किडीसाठी गोठवणं. हवा काढून पिशवी सीलबंद, उणे २० अंशांवर २ आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. दव पिशवीवर धरू दे, पुस्तकावर नको. चर्मपत्राची बांधणी मात्र यात घालू नका.

बुरशी ओली असताना पुसली तर पानात चोळली जाते. आधी सावलीत, वाहत्या हवेत कोरडी करा, मग मास्क लावून मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडा. वासासाठी बंद पेटीत खायच्या सोड्याची उघडी वाटी, पुस्तकाला न लागता, दोनेक आठवडे.

*

एक इशारा. १९व्या शतकाच्या मध्यातली झगझगीत हिरवी कापडी बांधणी दिसली तर थांबा. त्या रंगात तांबं आणि आर्सेनिक असू शकतं, आणि तो हाताला लागतो. नायट्राइल हातमोजे, झिपची पिशवी, नंतर टेबल ओल्या फडक्यानं पुसणं. एरवी सुती पांढरे मोजे निरुपयोगीच. बोटाला पान कळत नाही आणि ते फाटतं. धुतलेले, कोरडे हात पुरे.

*

सोनेरी कडेचं पुस्तक असेल तर पानं किंचित तिरपी सरकवून कड पाहा. काहींवर तशा अवस्थेतच चित्र रंगवलेलं असतं आणि मिटल्यावर ते सोन्याखाली लपतं. बांधणी घट्ट असेल तर जोर लावू नका, कणा तडकतो.