युद्धात मुसलमानांची एकी दिसते की नुसती कणव?

भायखळाकर
गाझा, सुदान, येमेन. जुम्म्याच्या नमाजानंतर दुआ होते, रमजानात झोळी फिरते. मग कुणीतरी टोमणा मारतोच, "५७ देश आहेत तुमचे, करतात काय?" म्हणून ही आठवण. १९१२ साली बाल्कन युद्धात तुर्कस्तान मार खात होता. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी वैद्यकीय पथक घेऊन मुंबई बंदरातून निघाले, मौलाना मोहम्मद अलींनी आपल्या 'कॉम्रेड' साप्ताहिकातून वर्गणी गोळा केली. जखमी तुर्क त्यांच्या ना नात्याचे, ना भाषेचे. पथकातला पेशावरचा अब्दुर रहमान तर तिकडचाच होऊन गेला. पुढे अफगाणिस्तानात तुर्कांचा राजदूत होता. ही एकी नाही तर काय?

शंकासुर
अन्सारींना सलाम. पण चारच वर्षांनी काय झालं? एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतला तुर्कांसमोर शरण गेली ती इंग्रजांच्या हिंदी फौजेची 'पूना डिव्हिजन'. मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. म्हणजे आपल्याच मुलखातले मुसलमान खलिफाच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, फौजेवर गोळ्या झाडत होते. त्याच जूनमध्ये मक्केचा शरीफ हुसेन इंग्रजांच्या पैशावर तुर्कांविरुद्ध उठला. आणि ज्या खिलाफतीसाठी, म्हणजे खलिफाच्या गादीसाठी, इथे जेलभरो झाली, ती ३ मार्च १९२४ ला तुर्कांच्या अंकारा सरकारनेच मोडली. खलिफाला आगगाडीत बसवून देशाबाहेर काढलं. एकी म्हणे!

जुनी पानं
पैशाचाही हिशेब मांडा की. खिलाफत समितीचे लाखो रुपये अध्यक्षांच्याच धंद्यात अडकले होते. दागिने काढून देणाऱ्या बायकांना कुणी विचारलं?
दुसरी बाजूही आहे, शंकासुर. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या पाचव्या लाइट इन्फंट्रीचे मुसलमान शिपाई बंड करून उठले. आपल्याला तुर्कांवर धाडणार, ही भीती त्यामागे होती. कित्येकांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. सगळेच पगारासाठी मान खाली घालून गेले नाहीत.

कोकणी मुसाफिर
भायखळाकरभाई, रागावू नका, पण 'एकी' हा शब्द तुम्ही ताणताय. कुराणातल्या सूरह हुजुरातची ९ वी आयत काढून बघा: मोमिनांचे, म्हणजे श्रद्धावंतांचे, दोन गट आपसांत लढले तर त्यांच्यात समेट करा, एक गट जुलूम करत असेल तर त्याच्याविरुद्ध उभे राहा, आणि मग न्यायाने समेट करा. 'मोमिन भाऊ-भाऊ' ही आयत त्यानंतरची, १० वी. लढणार हे कुराणाने धरूनच चाललंय! आम्ही मात्र १० वी जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, ऐकतो आणि ९ वी सोडून देतो. जखमीला पाणी द्यायला एकी लागत नाही. एकी लागते ती आपल्यातल्या जुलमी माणसाचा हात धरायला.

भायखळाकर
मी राज्यकर्त्यांबद्दल बोलतच नव्हतो हो, साध्या माणसांबद्दल बोलत होतो. तुर्कस्तानने ३५ लाखांहून जास्त सीरियन माणसं सामावून घेतली, तीही दिसत नाहीत का?

शंकासुर
दिसतात. २०१६ मध्ये युरोपीय संघाशी त्यांच्यावरून झालेला पैशाचा करारही दिसतो, आणि निवडणुकीत 'सीरियनांना परत पाठवू' म्हणणारे तुर्क पुढारीही. साधी माणसं दोन्हीकडे असतात, साहेब. सुदानात २०२३ पासून एकमेकांशी लढणारे फौज आणि आरएसएफ हे निमलष्करी दल, दोघेही नमाजी, आणि दारफूरमध्ये मरणारेही मुसलमानच. मुसाफिर, तुमची ९ वी आयत पटली. पण तसा समेट घडवणारा एक तरी मुसलमान देश सांगा.

कोकणी मुसाफिर
तैफ, १९८९. लेबनॉनचं १५ वर्षांचं यादवी युद्ध मिटवायला तिथले खासदार सौदी अरेबियात बसले होते.

शंकासुर
आणि २०१५ पासून येमेनवर विमानं कुणी पाठवली?

कोकणी मुसाफिर
त्याच सौदीने. म्हणून तर म्हणतो, ९ वी आयत पुरती वाचा.