थंडीत गाडीचा वेग उतरवणं म्हणजे हार आहे का?

नाशिकरोडकर:
उत्तरेत धुकं पडलं की आपल्याकडे गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि फलाटावर हमखास ऐकू येतं, "जपानात बर्फातही बुलेट ट्रेन पळते." पळते, पण हळू. तोक्यो-ओसाका धावणारी बुलेट ट्रेन, तोकाईदो शिंकान्सेन, १९६४ साली सुरू झाली तेव्हापासून वाटेतल्या सेकिगाहारा भागातला बर्फ तिला छळतो. वेगानं उडालेला बर्फ डब्यांच्या तळाला चिकटून गोठतो, पुढे त्याच्या ढेपा सुटून खडीवर आदळतात आणि उडालेल्या खडीनं काचा, तळाची यंत्रं फुटतात. म्हणून तिथे रुळांच्या कडेनं फवारे बसवलेत. ओला बर्फ जड होतो, उडत नाही. एवढं करूनही जोराच्या बर्फात वेग उतरवतातच. तो कधी आणि किती उतरवायचा हे आधी ठरवणं आणि प्रवाशाला वेळेत सांगणं, यालाच मी हिवाळ्याची तयारी म्हणतो.

एकलहरेवाला:
साफ असहमत. चीनची हार्बिन-दालियान लाइन बघा. उणे ४० अंशांचा विचार करून बांधलेली, डिसेंबर २०१२ला सुरू झाली. हिवाळ्यात आधी ताशी २००नंच धावायची, डिसेंबर २०१५पासून हिवाळ्यातही ३००. तिथे जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि रूळ वर उचलतं, म्हणून मार्गाचा मोठा भाग पुलांवर नेला. पैसा बांधकामात घातला की वेग उतरवायची वेळ येत नाही.

नाशिकरोडकर:
तेच तर म्हणतोय दादा! तीन हिवाळे हळू चालवून पाहिलं, मग वेग वाढवला.

निफाडची बागायतदार:
तुम्ही दोघं रुळावर चालणाऱ्या माणसाला विसरलात. आमच्याकडे पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यानं घड वाचतात. त्याच वेळी लाइनवर गँगमन बॅटरी घेऊन रूळ तपासत चाललेले असतात. जोडलेला लांब रूळ थंडीत आकसतो, ताण येतो आणि वेल्डिंगपाशी तडा जातो. तो तडा वेळेत सापडला नाही तर तुमच्या वेगाचं काय घेऊन बसलात? आधी त्यांना चांगले बूट, जाकिटं आणि पुरेशी माणसं द्या. मला या चर्चेत एवढंच महत्त्वाचं वाटतं.

पंचवटी पासधारक:
ताईंशी सहमत. पण नाशिकरोडकर, डिसेंबर २००९ आठवा. फ्रान्समधला भुरभुरीत बर्फ लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टार गाड्यांच्या इंजिनांत शिरला, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातल्या उबेनं वितळला आणि विजेची यंत्रणा बंद पडली. पाच गाड्या अडकल्या, दोन हजारांवर प्रवासी. तिथे वेळापत्रक काय कामाचं? हवा आत घेणाऱ्या झडपा आणि गाळण्या नीट हव्या होत्या.

नाशिकरोडकर:
गाळण्या हव्यातच. पण लोकांचे हाल झाले ते अंधारात, उकाड्यात, काय चाललंय हे कुणी सांगत नव्हतं म्हणून. नंतरच्या चौकशीतही संकटकाळच्या अपुऱ्या तयारीवर बोट ठेवलं गेलं.

एकलहरेवाला:
आणि मूळ मुद्दा धुक्याचा होता ना? शिंकान्सेनच्या चालकाला सिग्नल बाहेर शोधावाच लागत नाही. किती वेगानं जायचं ते पहिल्या दिवसापासून त्याच्या केबिनमध्येच दिसतं, आणि वेग जास्त झाला तर ब्रेक आपोआप लागतो. आपल्या रेल्वेच्या 'कवच' या टक्कररोधक यंत्रणेमध्येही पुढचा सिग्नल केबिनमध्ये दिसायची सोय आहे. उत्तरेतल्या धुक्याच्या पट्ट्यात ते आधी पुरं करा, मग मनमाड-नाशिकच्या प्रवाशाला थंडीत ताटकळावं लागणार नाही. तुम्ही उशीर नीट जाहीर करा म्हणता, मी म्हणतो उशीर होऊच देऊ नका.

निफाडची बागायतदार:
कवच लावा, जरूर लावा. पण पुढचा सिग्नल केबिनमध्ये दिसला म्हणून वेल्डिंगपाशी सुरू झालेली बारीक चीर दिसत नाही. तिथे रात्री माणूसच लागतो.