डायनॅमो काढला म्हणून डुक्कर फियाट ‘मेली’ का?

घाटकरी
जुन्या गाड्यांच्या धाग्यावर ‘मूळरंग’ यांनी परवा लिहिलं: “अल्टरनेटर बसवलेली डुक्कर फियाट ही फियाट राहतच नाही. ज्यांना गाडी फिरवायचीच हौस आहे त्यांनी नवी घ्यावी, उरल्यासुरल्या दुर्मीळ गाड्यांचे हाल करू नयेत.” तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी डुक्कर १९५५ची, म्हणजे फियाटचं ११००-१०३ मॉडेल. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये बनलेली, पुढची दारं उलटी उघडणारी. ती मी चालवतो. पावसाळा सोडला तर ती गावात दिसते, घाट चढते, लग्नकार्याला जाते. मी बदललं काय? डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनित्राच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर, ठिणगीची वेळ साधणाऱ्या सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि पुढच्या सीटला बेल्ट. बाकी १०८९ सीसीचं इंजिन तेच, गिअर स्टिअरिंगलाच, चारी चाकांना ड्रम, मागे स्प्रिंगचे पाटे. डायनॅमो आणि पॉइंट तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत. कुणाला हवी तर एका दुपारात गाडी पुन्हा होती तशी होईल.

डायनॅमो का काढला, ते ज्याने रात्री वाकडच्या सिग्नलला अशी गाडी उभी केली असेल त्याला सांगावं लागणार नाही. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, डायनॅमो जवळजवळ काही देत नाही; अल्टरनेटर देतो. हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं बॅटरीवर चालतं आणि तिसऱ्या सिग्नलला दिवे पिवळे पडतात. १९५५ साली हा ट्रॅफिक नव्हता.

आणि उभ्या गाडीचं काय होतं तेही बोलूया. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधले रबर चिकटतात. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल सुकून राळ होते. पावसाळ्यात क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला धरून बसते. उंदीर वायरिंग खातात. माझ्या मते जुनी गाडी जपायची एकच रीत आहे, ती चालवायची. आणि चालवायची असेल तर घरी परत येण्यापुरती भरवशाची करायलाच हवी.

मूळरंग
माझं वाक्य अर्धं उचललंत. पुढे मी लिहिलं होतं की आज अल्टरनेटर, उद्या डिस्क ब्रेक, परवा दुसरं इंजिन. ही साखळी मी पाहिलेली आहे.

याच फियाटच्या पुढच्या अवताराचं, पद्मिनीचं काय झालं बघा. मुंबईत जिकडे बघावं तिकडे काळी-पिवळी पद्मिनी असायची. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटची नोंदणी असलेली टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आज मूळ अवस्थेतली एक टॅक्सी संग्रहाला ठेवायची म्हटलं तर शोधून दाखवा. सीएनजी बसवलेल्या, सीट बदललेल्या, डॅशबोर्डवर रेक्झिन चिकटवलेल्या. प्रत्येकाने हेच म्हटलं असणार की एवढ्याशा बदलाने काय बिघडतं.

आणि सीटबेल्ट! ११०० ही मोनोकॉक आहे, चॅसिस वेगळी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. सत्तर वर्षांच्या पत्र्याला भोक पाडून तुम्ही बेल्ट बांधला. मागे रीइन्फोर्समेंट प्लेट वेल्ड केली का? नसेल तर धडकेत बेल्ट पत्र्यासकट हातात येईल. केली असेल तर बॉडीशेलला हात लावला. दोन्हीकडून सापडता.

घाटकरी
प्लेट वेल्ड केली आहे, आतून, कार्पेटखाली. हो, बॉडीला हात लावला. शेजारी बायको बसते. त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही.

नलिनी ठाणे
मूळरंग, दाराबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमच्याकडे डुक्कर होती, बाबांची. मी सात-आठ वर्षांची, पुढे आईच्या मांडीवर. कसारा घाट उतरताना माझ्या बाजूचं दार नीट लागलेलं नव्हतं. ती दारं पुढून उघडतात, त्यामुळे जरा फट पडली की वारा आत शिरून दार फाडल्यासारखं उघडतो. आजच्या गाडीत वारा दार लावतो, तिथे उघडतो. आईने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने दार ओढायला गेली, तिचा खांदा उखडला. पुढे आयुष्यभर तो हात वर जात नव्हता.

त्यानंतर बाबांनी दोन्ही दारांना आतून चामड्याचा पट्टा लावला, बकल असलेला. त्यालाही तुम्ही ‘हाल’ म्हणणार असाल तर या विषयावर आपलं जमायचं नाही. मूळ रंग, मूळ पॉइंट ठीक आहे. आत माणसं बसतात.

मूळरंग
नलिनीताई, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पट्टा त्या काळातला आहे, तो गाडीच्या इतिहासाचाच भाग झाला. मी त्याला विरोध करणार नाही.

पण कायदाही बघा. २०२१च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी. हे मी घरात बसून ठरवलेलं नाही.

स्पॅनर
कायदा काढलातच तर पूर्ण वाचा. त्या नोंदणीला वीस हजार रुपये फी आहे, दहा वर्षांसाठी. आणि व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे घाटकरींनी ती नोंदणी केली तर बायकोला घेऊन भाजी आणायला जाणं बेकायदा. म्हणूनच माझ्यासारखे लोक साधीच नोंदणी चालू ठेवतात, पर्यावरण कर भरतात, फिटनेससाठी आरटीओत उभे राहतात. गाडी चालवणाऱ्याला शिक्षा आणि चादरीखाली ठेवणाऱ्याला सन्मान, असा तो नियम आहे.

गॅरेजवाली
अल्टरनेटरवर भांडताय सगळे, खरा शत्रू टाकीत आहे. वडिलांच्या पश्चात नाशकात गॅरेज मी चालवते, जुन्या फियाट अजून येतात. पूर्वी उन्हाळ्यात लोक व्हेपर लॉकची, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडण्याची तक्रार घेऊन यायचे, इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका म्हटलं की काम व्हायचं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून महिन्याला कुणीतरी त्या पंपातल्या डायफ्रामसाठी, रबरी पडद्यासाठी येतं.

परवाचीच गाडी. मालक म्हणाले, गाडी ओढत नाही आणि ऑइल मात्र वाढतंय. डिपस्टिक काढून नाकाशी धरली तर पेट्रोलचा भपकारा. पंप उघडला. डायफ्राम फुगून पापडासारखा वाकलेला, मधल्या पिनेजवळ चीर. सगळं पेट्रोल तिथून खाली इंजिनात उतरत होतं. ऑइल पाण्यासारखं पातळ. अजून एक घाट चढला असता तर बेअरिंगं गेली असती. १९५५च्या गाडीचं रबर या इंधनासाठी बनलेलंच नाही. २०२३च्या आधीच्या नव्या गाड्यासुद्धा पूर्णपणे यासाठी बनलेल्या नव्हत्या. पेट्रोल पंपावर दुसरं साधं पेट्रोल मिळायची सोयही ठेवली नाही.

ऊसकरी
शिरोळ तालुक्यातनं बोलतोय. गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण आमच्या उसापासनं होणाऱ्या इथेनॉलला शिव्या पडायला लागल्या की गप बसवत नाही.

साखरेचा दर पडला की कारखाना आमची एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, थकवायचा. ऊस घालून वर्ष-वर्ष पैशाची वाट बघितलीय, पोरीचं लग्न त्यापायी पुढं ढकललंय. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडनं वेळेवर यायला लागले तवा आमची बिलं निघायला लागली. तुमच्या हौसेच्या गाडीचा एक रबराचा तुकडा फाटला म्हणून देशाचं धोरण चुकलं का? आणि तो डायफ्राम कधीचा होता ते विचारलं का? कुर्ल्याच्या भंगार बाजारातला, वीस वर्षं डबीत पडलेला माल असंल तर रबर म्हातारपणानं फाटलं. त्यात उसाचा काय दोष?

गॅरेजवाली
दादा, उसाला कोण दोष देतंय? मी पेट्रोल पंपावर निवड मागते. आणि रबर जुनं होतं हे खरं आहे, नाकारत नाही. पण तसलंच जुनं रबर साध्या पेट्रोलवर वर्षानुवर्षं चालताना मी बघितलंय.

कोकणस्थ रेंच
इथेनॉलचं एवढं कौतुक नको. उसाला पाणी किती लागतं ते मराठवाड्याला विचारा. आणि आता इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा मोठा झालाय, ऊस शेतकऱ्याच्या नावाने कोण कमावतंय ते बघा.

ऊसकरी
मराठवाड्याचा कळवळा गाडी धुताना येतो का? डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला सरकारनं एका दिवसात बंदी घातली तवा तुमच्यापैकी एक जण बोलला नव्हता. डिस्टिलरीला कर्ज काढून बसलेले कारखाने, त्यांचे सभासद आम्ही. तवा शेतकरी आठवला नाही. आता पंपातलं रबर फाटल्यावर पाणी आठवलं.

कोकणस्थ रेंच
मी गाडी बादलीभर पाण्यात पुसतो. वैयक्तिक होऊ नका.

स्पॅनर
सुरुवात तुम्हीच केलीत, ‘कोण कमावतंय’ म्हणून. फियाटच्या धाग्याचं काश्मीर करू नका.

इथेनॉलवर कामाचं एवढंच. फियाट ११००ला कार्ब्युरेटर आहे, नव्या गाडीसारखा सेन्सर नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी आणि हवा जास्त; इंजिन तापतं, चढावर खोकतं. मेन जेट एक नंबर मोठं घाला, प्लगचा रंग बघा, पांढरा दिसला तर अजून लीन आहे. पाइप आणि डायफ्राम विटॉनचे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जास्त झालं की ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. टाकी आतून गंजते. म्हणून या पेट्रोलवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवणं सगळ्यात वाईट. पेट्रोल जळत राहिलं पाहिजे.

घाटकरी
हेच. मूळरंग, वाचलंत का? आजच्या पेट्रोलवर तुमची चादरीखालची गाडी माझ्या गाडीआधी जाणार.

मूळरंग
वाचलं. टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटर सुकवून ठेवली तर ते होत नाही. पण ते बहुतेक जण करत नाहीत, हेही मला माहीत आहे.

मात्र मोठं जेट घालणं आणि विटॉनचा डायफ्राम घालणं हे दोन्ही मी बदल मानत नाही. बाहेरून दिसत नाही, मूळ पंप मूळ जागी राहतो. ते झालं दुरुस्तीत. अल्टरनेटर बॉनेट उघडल्याबरोबर डोळ्यात खुपतो.

तोरिनोचा पाहुणा
कामानिमित्त इटलीत तोरिनोला आहे, जिथे ही गाडी जन्मली. इथे जुन्या गाडीचं प्रमाणपत्र मिळवायला मूळपणाची कसून तपासणी होते, मूळरंग यांना आवडेल अशी. आणि तीच माणसं रविवारी त्याच गाड्या घेऊन डोंगरात जातात, जोरात चालवतात. ‘मिल्ले मिलिया’ या जुन्या गाड्यांच्या रॅलीत, मूळ शर्यतीत १९५७पर्यंत उतरलेली मॉडेलं अजून रस्त्यावर धावतात. दाराची रबरं, ब्रेकचे सिलिंडर नवे बनवून मिळतात, म्हणून मूळ राखणं परवडतं. आपल्याकडे तो माल नाही, म्हणून जुगाड. भांडण खरं तर मालाचं आहे.

घाटकरी
अगदी बरोबर. पुढची चाकं ज्या पिनांवर वळतात त्या किंगपिनचे बुश मला कुठे मिळाले? मिळालेच नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींनी जुना बुश हातात घेतला, नखाने कड चाचपली, मायक्रोमीटर लावला आणि गनमेटलच्या तुकड्यातून लेथवर नवे काढून दिले. बसवताना भोक घासून मापाला आणणारा रीमर इतका सावकाश फिरवला की पिन अंगठ्याच्या दाबाने आत गेली, हातोडा लागला नाही. स्टिअरिंग लोण्यासारखं झालं. ते बुश कुर्ल्याचे नाहीत, इटलीचे तर नाहीतच. मूळरंग, ती गाडी ‘मूळ’ की नाही? तुमच्या हिशोबात त्या मिस्त्रींचं काम कुठे बसतं?

मूळरंग
त्यांचं काम मूळच आहे. मापही तेच, धातूही तोच. त्यात मला शंका नाही आणि असा माणूस तुम्हाला भेटला याचा हेवा वाटतो. माझ्या गाडीचे किंगपिन खडखडतात म्हणूनच ती दोन वर्षं हललेली नाही.

नलिनी ठाणे
म्हणजे माल मिळाला असता तर तुम्हीही चालवली असती.

मूळरंग
चालवली असती. डायनॅमोवर. दिवसा.

घाटकरी
दिवसा तर दिवसा. मिस्त्रींचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. जाताना जुने बुश आणि दोन्ही पिना सोबत न्या, नुसतं माप सांगून ते काम धरत नाहीत. आणि लवकर जा, त्यांच्याकडे हाताखाली कुणी शिकणारं नाही.

ऊसकरी
उद्यमनगरला आलासा तर शिरोळ लांब न्हाई. गाडी घिऊन या, बघायची हाय मला. पेट्रोलचं मात्र मी बोललो ते बोललो.

गॅरेजवाली
मीही बोलले ते बोलले. मूळरंग, निघण्याआधी गाडीचा फ्युएल पंप उघडून बघा. दोन वर्षं उभी आहे म्हणालात.