फिले जाळीच्या कार्डिगनला दोरा कुठला घ्यावा?

साखळीटाका:
नमस्कार मंडळी, सध्या जिकडे बघावं तिकडे फिले क्रोशाचे (चौकोनी जाळीतले काही चौकोन भरून नक्षी काढतात ते) टॉप आणि जाळीदार कार्डिगन दिसतायत, पाठीवर गुलाब, चेरी, फुलपाखरं भरलेली, आणि मला ते इतकं आवडलंय की पुढचा प्रोजेक्ट हाच ठरवलाय. शाली, अमिगुरुमी (विणलेली छोटी खेळणी) बरंच केलंय पण अंगात घालायचं पहिल्यांदाच करतेय. 4 मिमी सुईवर चालणारा जाड सुती दोरा भरपूर पडलाय, पण बांबूचा मऊ चमकदार दोरा बघून मन डळमळतंय. आणि नमुन्याचा छोटा तुकडा विणून बघितला तर चौकोन आडवे पसरट येतायत, गुलाब बसका दिसतो. काय करू?

मुका_खांब:
ताई, जाड सुती नकोच. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, एकदा ओढलं गेलं की पुरतं जागेवर येत नाही, त्यात वजनाला जड, म्हणजे सगळा भार खांद्यावरून खाली ओढतो आणि बाह्या पार बोटांपर्यंत येतात. बांबू तर अजून लोंबतो. नाव बांबू असलं तरी बहुतेक वेळा ते बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने केलेलं व्हिस्कोस असतं, अंगावर पडतं सुंदर पण ओलं झालं की कमजोर होतं, वाळवताना टांगायचं नाही, आडवं पसरायचं.
माझं मत विचाराल तर पातळ मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणि मजबुती आणलेलं) सुती घ्या, 2 ते 2.5 मिमी सुईचा. पीळ घट्ट, खांब, म्हणजे उभा उंच टाका, सुटासुटा दिसतो, आणि फिलेचा सगळा खेळच भरलेल्या आणि रिकाम्या चौकोनाचा आहे. वेळ जास्त लागेल हे खरं, पण नक्षी उठून दिसेल. नमुना 10 सेंमीपेक्षा मोठा विणा, धुवून वाळवा, मग खालच्या कडेला वजनासाठी चिमटे लावून रात्रभर टांगा आणि तेव्हा मोजा.

जाळीवाली:
पातळ सुतीला माझंही मत. आता चौकोनांचं सांगते. एका चौकोनाला एक खांब न दोन साखळ्या, भरलेला असेल तर साखळ्यांच्या जागी दोन खांब, म्हणजे 10 चौकोनांना शेवटचा खांब धरून 31 टाके. चौकोन नीट यायला खांबाची उंची तीन टाक्यांच्या रुंदीएवढी भरायला लागते आणि बऱ्याच जणींची ती कमी भरते. नुसती सुई बदलून फारसा फायदा नाही, उंची-रुंदी दोन्ही बरोबरच बदलतात. त्यापेक्षा वेढा घेऊन सुई टाक्यात घातल्यावर दोरा वर ओढतो ना, तो पहिला फास बघा, तोच थोडा जास्त उंच ओढायचा, खांबाची उंची तिथेच ठरते. पुढचे दोन ओढे नेहमीसारखे. आणि साखळ्या जरा घट्ट. काही ओळींनी हात बसतो. तरी नाहीच जमलं तर ग्राफवर, म्हणजे नक्षीच्या चौकटीच्या कागदावर, गुलाबाच्या एक-दोन ओळी वाढवा.

लोकरवेडी:
थंडीत घालायचं असेल तर सुती कशाला, बारीक मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) बघा, हलकी असते आणि ताण धरते. फक्त सुपरवॉश (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली) असेल तर धुतल्यावर सैल पडू शकते कारण तंतूवरचे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, ते एकमेकांना धरत नाहीत. मोहेर-सिल्कचा (बकरीच्या लांब केसांचा नि रेशमाचा केसाळ दोरा) पदर जोडीला धरायची फॅशन आलीये ती मला फार आवडते, ग्रॅनी स्क्वेअरच्या (मधून बाहेर विणलेल्या चौकोनी तुकड्यांच्या) जॅकेटला तर काय दिसतं, पण फिलेला अजिबात नको. केसांनी रिकामे चौकोन भरून जातात आणि उसवायला गेलं की दोरा दोऱ्यात अडकतो.

साखळीटाका:
फास उंच ओढून आत्ताच एक ओळ विणली, खरंच फरक पडला! पातळ मर्सराइज्डच घेते, उन्हाळ्यातच घालायचंय. पाठ आणि पुढचे दोन भाग वेगळे विणून जोडू ना? की वरून सलग?

मुका_खांब:
वेगळेच विणा, शिवणीमुळे आकार टिकतो. खांदे जोडून झाले की आतल्या बाजूने एका खांद्याच्या टोकापासून मानेमागून दुसऱ्या टोकापर्यंत स्लिप स्टिचची (सगळ्यात बुटका, दोरा सरळ ओढून घ्यायचा टाका) एक घट्ट ओळ घाला. ती ताणत नाही, त्यामुळे खांदे खाली घसरत नाहीत. बाह्या त्यानंतर लावा.