मदत हवी आहे: लॉच्या तयारीसाठी उन्हाळी वर्ग

नमस्कार मंडळी. माझी भाची इथेच सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं म्हणते, शक्यतो दयानंद लॉ कॉलेजलाच. सीईटीचं फारसं टेन्शन नाही. पेपर मराठीतूनही असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. घोडं अडतंय ते कोर्टाचं निकालपत्र वाचताना. राज्यघटनेवरचा सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा केशवानंद भारती खटला उघडला नि दुसऱ्याच पानावर मिटला! (तो वकिलांनाही घाम फोडतो म्हणा.) मे महिन्याच्या सुट्टीत निकाल कसा वाचायचा, त्यातले मुद्दे कसे काढायचे, हे शिकवणारं कुणी माहितीय का? क्लासवाले नुसते एमसीक्यू घोटून घेतात. एखाद्या वकीलसाहेबांकडे सकाळी बसता आलं तरी चालेल. दुपारी आपल्या उन्हात कोण बाहेर पडणार? फीचा अंदाजही द्या.